र चा ळ झाला, त्याची गोष्ट

वाचकहो! पुढील पानांत जी कथा आपणांस निवेदन करावयाची आहे, ती संगणकात माहिती साठविण्याच्या शास्त्राविषयी आहे आणि प्रेमाविषयीही आहे. या दोन्ही विषयांत प्रस्तुत लेखकाचा अधिकार बेताचाच. तथापि पदरचे तिखटमीठ न घालता, घटना ज्या क्रमाने घडल्या त्या क्रमाने मांडण्याचा संकल्प केलेला आहे. ज्यांना संगणकाचे ज्ञान नाही त्यांनी भिऊ नये, आणि ज्यांना प्रेमाचे ज्ञान नाही त्यांनीही भिऊ नये. दोन्ही गोष्टी ओघाओघाने उलगडत जातील.

डिसेंबर महिन्यातील एका सोमवारी, भंडारा शहरातील एका संस्थेच्या दालनात वीस तरुण-तरुणी जमले होते. संस्थेने जिल्ह्यातील तलाव, त्यांतील मासे आणि पाण्यातील वनस्पती यांची संगणकीय नोंद करण्याचे कार्य आरंभिले होते आणि त्यासाठी हे एक दिवसाचे प्रशिक्षण होते. माणसे वीस, संगणक मात्र दहा. तेव्हा प्रशिक्षक राजकुमार सर यांनी यंत्राकडून नावांची यादी अक्षरांच्या क्रमाने लावून घेतली आणि दोघादोघांना एकेक संगणक नेमून दिला. तुमसरची रेणू मारोतराव पडोळे आणि लाखांदूरचा लिलाधर मोतीलाल दिघोरे हे अशा रीतीने एका बाकावर आले. र नंतर ल. मध्ये कोणीच नव्हते.

रेणू तेवीस वर्षांची होती. वडिलांची धानाची शेती आणि तुमसरच्या बाजारात अडत. तिने नागपुरास राहून संगणकाची पदवी घेतली होती. पहिल्याच दिवशी ती वर्गात "मले पेन देता का?" असे बोलून गेली आणि सारा वर्ग हसला. त्या दिवसापासून घराबाहेर तिच्या मुखातून 'मले' हा शब्द निघाला नव्हता. घरी 'मले-तुले, येतो-जातो', उंबऱ्याबाहेर 'मला-तुला, येते-जाते' — अशी तिने आपल्या जिभेची वाटणी करून टाकली होती.

"जरा सरकता का?" ती म्हणाली. "माऊस माझ्याकडे येतच नाही."

"त्याची तार आखूड हाये, म्याडम. मी कुठवर सरकू? पलीकडे खिडकीच हाये."

"मग खिडकीतून बाहेर जा."

"जातो… पन माऊस घेऊन जातो. तार तेवढीच हाये ना!"

रेणूने त्याच्याकडे पाहिले. उन्हातान्हात वावरल्याने सावळा झालेला चेहरा, पाण्यात राहणाऱ्यांचे असतात तसे किंचित तांबूस डोळे, आणि ओठांवर हसू असे, की ते येत आहे की जात आहे हे कळू नये. तिने दृष्टी पुन्हा पडद्याकडे वळविली.

राजकुमार सरांनी विषयास प्रारंभ केला. ते म्हणाले, "समजा, गिरणीत धानाचा ढीग पडला. कोणाचं धान, कोणत्या जातीचं, काही पत्ता नाही. ती झाली नुसती माहिती. तेच धान पोत्यात भरलं, थप्पी लावली, दर पोत्याला चिठ्ठी लावली, म्हणजे झाला डेटाबेस. आणि कोणतं पोतं कोणत्या थप्पीत, कोणाला आत सोडायचं अन् कोणाला नाही, हे सांभाळणारा जो दिवाणजी, ती झाली व्यवस्थापन प्रणाली. तुम्ही स्वतः पोत्याला हात लावायचा नाही. दिवाणजीला सांगायचं. तो काढून देईल."

मग त्यांनी कोष्टक काढले. आडवी ती नोंद, उभा तो रकाना. आणि प्रत्येक नोंदीस एक कळ — अशी खूण, की जी दुसऱ्या कोणत्याही नोंदीस नसेल.

लिलाधरने हात वर केला. "सर, तलावाचं नावच कळ मनून ठेवलं तं चालंन का?"

"तूच सांग. तुमच्याकडे तलावांची नावं काय?"

"मामा तलाव."

"आणि दुसऱ्याचं?"

"मामा तलाव."

"तिसऱ्याचं?"

"तोबी मामाच, सर."

दालन हास्याने दुमदुमले. माजी मालगुजारांच्या काळातले म्हणून आपल्याकडच्या जुन्या तलावांस सरसकट 'मामा तलाव' म्हणतात, हे वाचकांस ठाऊक आहेच. सर म्हणाले, "म्हणूनच नावाचा भरवसा धरायचा नाही. क्रमांक द्यायचा. तलावाला, माशाला, माणसालाही."

लिलाधर हळूच शेजारी वळला. "तुमचा क्रमांक किती?"

"कोष्टकातला सतरा," रेणू पडद्याकडे पाहतच उत्तरली. "मोबाईलचा विचारू नका."

"नाही इचारत. अठरा माहाच हाये. सतराच्या बाजूले."

"कळ काढू नका हं, दिघोरेजी."

"कळ त सरनं काढली जी. मी सोसून राहिलो."

तिला हसू आले. ते तिने रुमालात दडविले. परंतु रुमाल लहान होता.

*

प्रारंभी लाखांदूर आणि तुमसर हे दोनच तालुके घेतले होते. लिलाधर हा मासेमारी करणाऱ्या घराण्यातला. तो तलावातलावांवर जाऊन, आपली आई रेवताबाई आणि इतर वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले वहीत उतरवी आणि मग बसस्थानकाजवळच्या खोलीत बसून संगणकात भरी. रेणू तुमसरच्या नोंदी करी; शिवाय शिक्षण अधिक म्हणून दोन्ही तालुक्यांच्या नोंदी तपासण्याचे काम तिच्याकडेच आले. दोघांत शंभर किलोमीटरहून अधिक अंतर. कोष्टक मात्र एक. तिने तुमसरात बसून लिहिलेली ओळ त्याच क्षणी लाखांदुरात दिसे.

त्या कोष्टकाच्या अगदी शेवटी 'शेरा' नावाचा एक रकाना होता. नोंदीत चूक असल्यास तपासणाऱ्याने तिथे लिहावे, भरणाऱ्याने वाचून दुरुस्त करावे, असा त्याचा हेतू. परंतु जिथे दोघांनाच लिहिता येते अशी जागा हेतूच्या मर्यादेत किती दिवस राहणार?

आपल्या झाडीपट्टीच्या बोलीत ळ नाही आणि ण नाही, हे सर्वश्रुत आहे. ळ च्या जागी र, ण च्या जागी न. लिलाधर जसे ऐकी तसे लिही. मासोळीची मासोरी, जाळ्याचे जारे, पाण्याचे पानी. रेणूने पहिल्याच आठवड्यात शेरा मारला :

"नोंद ४१२. 'डोरे लाल' असे लिहिले आहे. 'डोळे' असे हवे."

तिकडून उत्तर आले : "डोळे लिवले का परके वाटते. डोरे आपले वाटते."

"शेरा कामापुरता लिहावा."

"लिवतो."

पाऊण तास तो रकाना मूक राहिला. रेणूने तीन वेळा उघडून पाहिला. खिडकीतून गिरण्यांच्या कोंड्याचा उष्ण, गोडसर वास येत होता. अखेरीस तिनेच लिहिले :

"तलावावर थंडी आहे का?"

"हाये. धुकं इतकं का जारं टाकलं त धुक्यातच अटकते. तुमच्याकडं?"

"इकडे नुसता कोंडा उडतो."

"मंग डोरे सांभारा. म्हनजे डोळे."

असे चार महिने गेले. नोंद ९०७ मध्ये तिला कळले की त्याने कॉलेज पहिल्याच वर्षी सोडले. नोंद १३६० मध्ये त्याला कळले की तिला सायकल येते, पोहणे येत नाही. नोंद २२१५ मध्ये त्याने विचारले, "आज शेरा नाही?" आणि तिने लिहिले, "आज चूकच नाही." त्यावर त्याने, "मंग उद्या करतो," असे लिहिले. ती कितीतरी वेळ ती तीन शब्दांची ओळ पाहत राहिली आणि मग कर्तव्य म्हणून पुढील नोंदीकडे वळली.

फोन क्रमांक तिनेही दिला नाही, त्यानेही मागितला नाही.

*

मार्च महिना लागला. तुमसरजवळच्या नाकाडोंगरीच्या वाटेवर पळस भडकले. काम एकतीस तारखेस, मंगळवारी, पूर्ण व्हायचे होते. त्यानंतर कोष्टकास कुलूप लागणार आणि शेऱ्याचा रकाना काढून टाकला जाणार, असे ठरले होते. शेवटच्या शुक्रवारी राजकुमार सरांचा रेणूला फोन आला.

"लाखांदूरच्या नोंदी पाहून राहिलो मी. मासोरी काय, पानी काय! मंगळवारी वरचे लोक पाहणार. हे असंच राहिलं तर तो पोरगा पुढच्या वर्षीच्या कामात नाही, सांगून ठेवतो."

"सर, तो काम फार मनापासून करतो."

"मन कोष्टकात दिसत नाही, रेणू. अक्षर दिसतं."

रेणूने फोन ठेवला. लिलाधरच्या घरी या कामाचे मोल किती, हे तिने शेऱ्यातूनच ताडले होते. तळ्यावर जाळे टाकणाऱ्या कुटुंबात खुर्चीवर बसून काम करणारा तो पहिलाच होता. तिने निश्चय केला की त्याला न कळविता, त्याच्या मनास न लागता, आपणच त्याचे शब्द शुद्ध करून टाकावेत.

माहिती बदलण्याची आज्ञा कशी असते, हे येथे सांगणे अगत्याचे आहे. आज्ञेत प्रथम सांगावयाचे, कोणते कोष्टक. मग, काय बदलावयाचे. आणि शेवटी अट : कोणत्या ओळींत बदलावयाचे. रेणूने दोन आज्ञा सिद्ध केल्या. पहिली, र चा ळ करावा. दुसरी, न चा ण करावा. आणि दोन्हींच्या खालच्या ओळीत तिने अट लिहिली, की हे केवळ या यादीतील शब्दांपुरतेच करावे. यादीत मासोरी, जारे, डोरे, पानी असे शब्द होते. सर्व काही यथायोग्य होते.

एवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात नवा शेरा उमटला :

"चार दिवस राहिले. मंग शेरा कुठं लिवाचा?"

तिचे डोळे त्या ओळीवर गेले ते तिथेच राहिले… आणि हाताने आज्ञांच्या वरच्या ओळी तेवढ्या निवडल्या. अटी खालीच राहिल्या. तिने कळ दाबली, यंत्राने निमूटपणे ऐकले. कार्यालय बंद होण्याची वेळ झाली होती. 'मंग शेरा कुठं लिवाचा' याला काय उत्तर द्यावे या विचारात तिने संगणक बंद केला आणि घराकडे निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कोष्टक उघडले. पहिल्या ओळीत तालुक्याचे नाव होते — लाखांदूळ.

तिला वाटले, दृष्टिभ्रम असावा. ती खाली आली. तुमसळ. भंडाळा. णाकाडोंगळी. रोहूचा ळोहू झालेला. वैनगंगेची वैणगंगा. नोंद करणाऱ्याचे नाव : लिलाधळ दिघोळे. तपासणाऱ्याचे नाव : ळेणू पडोळे.

क्षणभर तिला खुदकन हसू आले. दुसऱ्या क्षणी तिने ओळी मोजल्या. जवळजवळ चार हजार ओळी होत्या. उलट आज्ञा देऊन ळ चा र करावा, तर 'तळोधी'चे 'तरोधी' होईल; कारण मुळातला ळ कोणता आणि काल झालेला ळ कोणता, हे आता यंत्रास सांगता येत नव्हते. कोष्टकाची रोज सायंकाळी एक प्रत निघे. परंतु नवी प्रत जुनीवरच लिहिली जाई आणि कालची प्रत चूक झाल्यावर निघाली होती.

इतक्यात फोन वाजला. राजकुमार सर.

"पाहिलं का तू? त्या पोट्ट्यानं काय करून ठेवलं! प्रशिक्षकाच्या रकान्यात माझं नाव 'ळाजकुमाळ' केलंन! ळाजकुमाळ! मी काय बोबडा आहे का?"

"सर…"

"कोणी बदल केला ते यंत्रात दिसत नाही, म्हणून वाचंन असं वाटलं असंल त्याला. अरे, र आणि ळ चा घोळ जिल्ह्यात दुसरं कोण घालतं? आजच काढून टाकतो त्याला."

वाचकहो, येथे रेणूपुढे दोन वाटा होत्या. एक वाट अत्यंत सोपी होती. तिथे केवळ गप्प राहावयाचे होते. यंत्र साक्ष देणार नव्हते. झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती. खिडकीबाहेर कोणी हमाल कोणाला हाका मारीत होता.

"सर, ते मी केलं," ती म्हणाली.

"तू? तू पदवीधर ना?"

"अट निवडायची राहिली, सर. लिलाधरला काहीच माहीत नाही. त्याला काढू नका."

"मंगळवारपर्यंत जसंच्या तसं झालं पाहिजे," सर म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. "झालं तरी पुढच्या वर्षी तुला घेता येणार नाही, रेणू. तपासणाऱ्यानंच असं केलं तर मी कोणत्या तोंडानं वर सांगू?"

"हो, सर."

फोन ठेवल्यावर ती रडली नाही. तिने एस.टी.चे वेळापत्रक पाहिले.

*

रविवारी पहिल्या गाडीने निघून, भंडाऱ्यास गाडी बदलून, रेणू साडेदहा वाजता लाखांदूरला उतरली. लिलाधर खोलीच्या दारात उभा होता. शनिवारी त्यानेही कोष्टक पाहिले होते, आणि शेऱ्यात तिने लिहिलेले 'उद्या येते'ही वाचले होते.

"या, ळेणूजी," तो म्हणाला.

"हसू नका. ते माझ्या हातून झालं."

तो खरोखरच थांबला. तिने आत बसून, पाण्याच्या पेल्याला हात न लावता, घडले ते सारे सांगितले. केवळ दोन गोष्टी वगळल्या : त्या क्षणी आपण कोणती ओळ वाचत होतो, आणि आपल्या पुढच्या वर्षीच्या कामाविषयी सर काय म्हणाले.

"म्हनजे मले न इचारता माहे शब्द बदलत होत्या तुमी," तो हळू म्हणाला.

"हो."

"मले वाचवाले?"

"…हो."

तो उठून खिडकीपाशी गेला. तिथून परत आला तेव्हा त्याच्या हातात सहा वह्या होत्या. "बसा मंग. मी वाचतो, तुमी टाका. बस पाच वाजता हाये."

रेणूने येता येता गाडीत उपाय योजला होता. ओळी चार हजार असल्या तरी निरनिराळे शब्द किती? तिने यंत्राला विचारले, एकदा आलेला शब्द पुन्हा न सांगता यादी दे. शब्द निघाले सहाशे बारा. त्यांचे तिने लहानसे कोष्टक केले : एका रकान्यात बिघडलेला शब्द, शेजारी खरा. हे पूर्ण झाले की मोठ्या कोष्टकातल्या प्रत्येक शब्दाने या लहान कोष्टकात यावे, आपले खरे रूप विचारावे आणि परत जावे. दोन कोष्टकांची अशी सांगड घालता येते, हेच तर या शास्त्राचे सामर्थ्य आहे.

"ळोहू."

"रोहू."

"णदी."

"नदी."

"गोळा."

लिलाधरने वही चाळली. "इथं दोन हायेत. एक मातीचा गोळा, अना एक मानूस गोरा. कोनती कोनाची, ते नोंद पाहूनच ठरवा लागंन." मग तो जरा थांबला. "माह्याकडं पाहून सांगा ना… गोरा का गोळा?"

रेणूने त्याच्या सावळ्या, काटक अंगाकडे एक ओझरता कटाक्ष टाकला. "दोन्ही नाही."

"वा जी! शेरा कडक हाये."

दुपारी रेवताबाई डबा घेऊन आल्या. लुगड्याचा काष्टा मारलेला, हातांवर जाळ्याच्या दोऱ्यांनी पडलेले जुने वळ. त्या भिंतीला टेकून बसल्या आणि ऐकू लागल्या.

"मासोळी," रेणूने टाकता टाकता उच्चारले.

"ते काय असते व पोरी?" रेवताबाईंनी विचारले.

"मासोरीच, आई. पुस्तकात मासोळी म्हणतात."

"मंग पुस्तकात लिव. माह्या नावावर मासोरीच राहू दे. मासोरीनं येऊन तुले सांगलन का, माहं नाव बदल मनून?"

लिलाधर खाली मान घालून हसला. रेणू मात्र हसली नाही. तिचा हात थांबला होता. रकाने वाढविण्यास यंत्राची काहीच हरकत नसते. हरकत केवळ माणसाची असते. तिने मोठ्या कोष्टकात 'मासोळी'च्या शेजारी एक नवा रकाना उघडला आणि त्यास नाव दिले, 'बोलीतील नाव'. त्यात 'मासोरी' लिहिले. मग मागे जाऊन जारे, डोरे, पानी, सर्व शब्द त्यांच्या त्यांच्या घरी बसविले.

"तुमच्या घरी खातेत का व, मासोरी?" रेवताबाईंनी सहज विचारावे तसे विचारले, परंतु त्यांचे डोळे सहज नव्हते.

"बाबा नाही खात."

"अना माय?"

"आई खाते… बाबा बाजारात गेले की."

रेवताबाई मोठ्याने हसल्या. "अना तू?"

"आईसोबत," रेणू म्हणाली, आणि तिचे कान तापले.

तीन वाजता सर्व शब्द झाले. रेणूने अंतिम आज्ञा लिहिली. या वेळी प्रथम अट लिहिली, मग आज्ञा; लिलाधरकडून तीनदा वाचून घेतली. यंत्राने काम संपविले. पहिली ओळ : लाखांदूर.

दोघांचेही खांदे एकदमच खाली आले.

लिलाधरने सरांना फोन लावला आणि बोलता बोलता तो बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा वेगळा होता.

"पुढच्या वर्षीचं काम मले भेटलं," तो म्हणाला. "सर सांगत होते. बोलीच्या रकान्याचंबी नाव काढलन त्यायनं. चांगलं झालं मने."

"अरे वा!"

"अना तुमचं काम गेलं."

रेणू तारा गुंडाळू लागली.

"तुमी सांगलं काहून नाही मले?"

"तुम्ही विचारलं नाही."

रेवताबाईंनी एकदा मुलाकडे पाहिले, एकदा रेणूकडे, आणि "घरी बकऱ्या हायेत मले" असे म्हणून डबा उचलून त्या निघून गेल्या.

*

पावणेपाच वाजता बसस्थानकावर ऊन कलले होते. भंडाऱ्याची गाडी लागली होती. चालक चहा पीत होता. लिंबाखाली दोघे उभे होते, मध्ये एका माणसाएवढे अंतर राखून.

"एक सांगाचं होतं," लिलाधर म्हणाला. "रागावसान."

"सांगा तर."

"बारावीत मराठीत एक्क्याऐंशी मार्क होते मले."

रेणूला प्रथम काहीच कळले नाही.

"पानी, मासोरी… ते आईचं. ते तसंच लिवाचं होतं. पन बाकीचं…" तो लिंबाच्या बुंध्याकडे पाहू लागला. "तुमी एक दिवस शेरा लिवला नाही ना, 'आज चूकच नाही' मनून? त्या दिवशी मले जेवन गेलं नाही. मंग दुसऱ्या दिवसापासून रोज दोन-चार चुका मुद्दाम करत गेलो. 'बाळ'ले 'बार', 'गणित'ले 'गनित'. तुमी दुरुस्त कराले याल मनून…"

"मुद्दाम?"

"हो जी."

"चार महिने?"

"तीन. पयला महिना खऱ्याच होत्या."

रेणूच्या डोळ्यांपुढून त्या साऱ्या ओळी सरकत गेल्या. सरांचा फोन, यादी, निवडायची राहिलेली अट. आणि मग घराच्या उंबऱ्याबाहेर, लाखांदूरच्या भर बसस्थानकावर, सहा वर्षांनी तिची जीभ सुटली.

"तुमच्यापायी माही नोकरी गेली जी! काहून असं केलं? तोंड नव्हतं का तुमाले? सिदं सांगाले काय झालं होतं?"

पाच-सहा प्रवाशांनी माना वळविल्या. लिलाधर मात्र तिच्याकडे असा पाहत राहिला, जणू कोणी हरवलेली वस्तू समोर आणून ठेवावी.

"आता सांगतो," तो म्हणाला. "तुमी मले आवडता. चुका न करता सांगून राहिलो."

लिंबाचा बारीक मोहर तिच्या खांद्यावर पडला होता. तो झटकण्याचेही तिला सुचले नाही.

"त्या दिवशी," अखेरीस ती बोलली, अगदी हळू, "अट काहून सुटली ते तुमाले नाही सांगलं मी. तुमचाच शेरा वाचून राहिली होती. चार दिवस राहिले, तो…"

"मंग?"

"मंग काय मंग! हात तिकडं अना ध्यान इकडं. मलेबी आवडता तुमी. झालं?"

लिलाधरने दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि परत खाली घेतले. त्यांचे काय करावे हे त्याला समजत नव्हते.

"तुमच्या बाबाले काय सांगसान?" त्याने विचारले.

"सरले सांगलं तेच. मी केलं मनून." मग तिने पदर सावरला. "चिडतीन. पंधरा दिवस बोलनार नाहीत. आईले मी पयले सांगतो."

चालकाने चहाचा पेला ठेवला. गाडीचे यंत्र घरघरू लागले. रेणूने एक पाय पायरीवर ठेवला आणि दुसरा उचलण्यास विसरली. लिलाधर दोन पावले पुढे आला होता आणि तिसरे पाऊल कोठे टाकावे, या विवंचनेत होता.

वाहकाने घंटीची दोरी हातात धरून दोघांकडे आळीपाळीने पाहिले. असली दृश्ये त्याने पुष्कळ पाहिली असावीत.

"बाई," तो म्हणाला, "तुमी जाऊन राहिल्या का राहून राहिल्या? एक काहीतरी ठरवा. गाडी भंडाऱ्याले जाते."

रेणूने दुसरा पाय उचलला. पायरीवरून वळून तिने लिलाधरकडे पाहिले, परंतु उत्तर वाहकाला दिले.

"आज जाऊन राहिली, भाऊ," ती म्हणाली. "राहाले मंग येतो."

घंटी वाजली.

येथे ही कथा विराम पावते. ज्या वाचकांनी आपला बहुमोल वेळ देऊन ती शेवटपर्यंत वाचली, त्यांचे अंतःकरणपूर्वक आभार मानतो. शुद्धलेखनात काही उणे राहिले असल्यास उदार मनाने सांभाळून घ्यावे.

आपला नम्र,
भूपेंद्र गोमाजी वलथरे
मु. नाकाडोंगरी, ता. तुमसर, जि. भंडारा